बोलणारे चोवीस, ऐकणारा एक

कार्यशाळा हा शब्द मुळात कारागिराचा. सुताराचा रंधा, लोहाराचा भाता, कुंभाराचे चाक जिथे चालते ती कार्यशाळा. तिथून बाहेर पडताना काहीतरी घडलेले हाती असते. शिक्षण आणि विचारविनिमयाच्या क्षेत्रात हा शब्द पुढे रुळला, तो ही अट सोबत घेऊनच. जमलेले लोक स्वतः काही करत नसतील, तर ती बैठक व्याख्यान असेल, परिषद असेल, सत्कार समारंभ असेल, कार्यशाळा नसते. प्रत्यक्षात मात्र या नावाखाली पुष्कळदा दीपप्रज्वलन, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, तीन भाषणे, आभार आणि जेवण एवढेच उरकते. जमलेल्यांच्या हाती लागते ती फाइल, पेन आणि उपस्थितीचे प्रमाणपत्र.

माणसांना एकत्र बसवून काम करता करता शिकू द्यायचे, ही कल्पना विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत आकाराला आली. हार्वर्ड विद्यापीठात जॉर्ज पिअर्स बेकर नाट्यलेखन शिकवत. त्यांच्या अभ्यासक्रमाचा क्रमांक होता ४७, आणि त्याला जोडून निघालेला उपक्रम ‘४७ वर्कशॉप’ म्हणून ओळखला गेला. विद्यार्थ्यांनी लिहिलेली नाटके तिथे प्रत्यक्ष उभी राहत आणि प्रेक्षकांना आपले मत लिहून द्यावे लागे. नाटक कुठे पडते हे गुरूने सांगण्यापेक्षा ते रंगमंचावरच कळावे, हा त्यातला विचार. पुढे १९३६च्या उन्हाळ्यात ओहायो राज्य विद्यापीठात माध्यमिक शाळांच्या शिक्षकांसाठी ‘वर्कशॉप’ याच नावाचा वर्ग भरला. येताना प्रत्येकाने आपल्या शाळेतला एक खरा प्रश्न आणायचा, तज्ज्ञांनी मागितल्यावर मदत करायची, आणि जाताना त्या प्रश्नावरचे काम पूर्ण करून न्यायचे, असे त्याचे स्वरूप होते. शिक्षक-प्रशिक्षणातली कार्यशाळा इथून रूढ झाली.

तिसरा टप्पा १९४६चा. जर्मनीतून अमेरिकेत आलेले मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन यांनी कनेक्टिकट राज्यात वांशिक सलोख्यासाठी काम करणाऱ्यांची एक कार्यशाळा घेतली. दिवसभर गटचर्चा चालत. संध्याकाळी निरीक्षक आणि प्रशिक्षक वेगळे बसून गटांत काय घडले याची चर्चा करत. एका संध्याकाळी काही सहभागींनी तिथे बसू देण्याची विनंती केली. निरीक्षकांनी केलेले आपले वर्णन ऐकून त्यांच्यातल्या एकीने हरकत घेतली: तसे घडलेच नव्हते. मग वाद झाला, आणि त्या वादातून दिवसभराच्या चर्चेपेक्षा अधिक शिकायला मिळाले, असे सगळ्यांच्या लक्षात आले. पुढच्या संध्याकाळी आणखी सहभागी येऊन बसले. गटाने आपल्याच वागण्याकडे पाहणे हे शिकण्याचे साधन आहे, हे तिथे उमगले. लेविन १९४७च्या फेब्रुवारीत वारले. त्याच उन्हाळ्यात त्यांच्या सहकाऱ्यांनी मेन राज्यातल्या बेथेल गावी या पद्धतीचे वर्ग सुरू केले आणि ती जगभर पसरली.

हे तिन्ही टप्पे एकाच दिशेने जातात. कार्यशाळेत शिकवणारा मागे सरकतो आणि शिकणाऱ्याचे काम मध्यभागी येते. मराठीत शिक्षणक्षेत्रात कार्यशाळा चालवणाऱ्याला ‘सुलभक’ म्हणतात. शब्द टाकसाळीतून नुकताच आल्यासारखा वाटतो, पण अर्थ अचूक आहे: इतरांचे काम सोपे करून देणारा. तज्ज्ञाचे मोल त्याच्या बोलण्यावरून ठरते. सुलभकाचे ठरते ते इतर किती आणि काय बोलले यावरून. हे साधायचे तर बहुतेक काम आदल्या पंधरा दिवसांत झालेले असावे लागते.

एक उदाहरण घेता येईल. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांतले चोवीस शिक्षक, एक दिवस, विषय अपूर्णांक. ‘अपूर्णांकांचे प्रभावी अध्यापन’ हे शब्द फलकावर शोभतात, पण त्यांवरून दिवस आखता येत नाही. आखणी सुरू होते ती प्रश्नापासून. चौथी-पाचवीतले मूल १/२ आणि १/३ यांची बेरीज २/५ का करते? १/४ हा १/३ पेक्षा मोठा, असे का म्हणते? मूल निष्काळजी नसते. वरचा अंक आणि खालचा अंक या त्याच्या दृष्टीने दोन सुट्या संख्या असतात. म्हणून ते वरच्यात वरचा मिळवते, खालच्यात खालचा. चार तीनपेक्षा मोठे, म्हणून चतुर्थांशही मोठा. चुकीला तर्क आहे. तो दिसला की हेतू असा लिहिता येतो: दिवस संपेपर्यंत प्रत्येक शिक्षकाला आपल्या वर्गातल्या पाच चुकीच्या उत्तरांमागचा तर्क सांगता यावा, आणि त्यांपैकी एका चुकीसाठी वीस मिनिटांची कृती त्याच्याजवळ तयार असावी. ‘जाणीव निर्माण करणे’, ‘महत्त्व पटवून देणे’ अशा शब्दांनी हेतू लिहिला तर तो साधला की नाही हे कुणालाच ठरवता येत नाही; अनेक संस्थांना ते सोयीचेही असते.

हेतू असा उघडा करून लिहिला की कधी कधी कार्यशाळेची गरजच नाही असे दिसते. नवीन नमुना कसा भरायचा, अर्जाची मुदत कधी संपते, यासाठी एक परिपत्रक किंवा फोनवरचा संदेश पुरतो. निर्णय आधीच झालेला असेल आणि लोकांची फक्त मान डोलवून घ्यायची असेल, तर त्यांना जमवणे ही फसवणूक ठरते. लोक ती ओळखतात आणि पुढच्या वेळी गप्प बसतात. एकट्याला जमत नाही, पुस्तकात उत्तर सापडत नाही आणि अनुभव बऱ्याच जणांकडे थोडा थोडा विखुरलेला आहे, असा प्रश्न असेल तेव्हाच कार्यशाळेला अर्थ.

पुढचा हिशेब माणसांचा. चोवीस जणांची एकत्र तासभर चर्चा झाली आणि वेळ अगदी समान वाटला गेला, तरी प्रत्येकाच्या वाट्याला अडीच मिनिटे येतात. प्रत्यक्षात चार-पाच जण बोलतात आणि उरलेले घड्याळ पाहतात. तेच चोवीस जण चार-चारांच्या सहा गटांत बसले तर त्याच तासात प्रत्येकाला पंधरा मिनिटे मिळतात. जोड्या केल्या तर तीस. बोलणे म्हणजे विचार करणे असे धरले, तर हा गुणाकार कुठल्याही खेळापेक्षा किंवा प्रोजेक्टरपेक्षा जास्त काम करतो. फ्रेंच कृषी अभियंता मॅक्सिमिलियन रिंगेलमान यांनी १९१३मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दोर ओढणारी माणसे वाढत गेली तसा दर माणशी जोर कमी होत गेलेला दिसला. चर्चेचा दोरही तसाच. चारांच्या गटात बसून राहणारा दिसतो, आठांच्या गटात लपतो. गट वाढला की नातीही भराभर वाढतात: चार माणसांत सहा जोड्या होतात, आठांत अठ्ठावीस. तीनचा गट चालतो, पण त्यात दोघे एका बाजूला होऊन तिसरा एकटा पडण्याची भीती असते. म्हणून चार किंवा पाच ही संख्या बहुतेक कामांना मानवते.

गटात कोण आहे हेही तितकेच महत्त्वाचे. केंद्रप्रमुख किंवा गटशिक्षणाधिकारी ज्या गटात बसतात, तिथे त्यांचे पहिले वाक्य हेच गटाचे मत होऊन बसते. यावर दोन उपाय चालतात. वरिष्ठांचा एक वेगळा गट करायचा, किंवा त्यांना आधी भेटून शेवटी बोलण्याची विनंती करायची. दुसरा उपाय सुलभकाला अवघड वाटतो, पण तो आदल्या दिवशी, चहा पिताना, खाजगीत केला तर बहुतेक साहेब आनंदाने मानतात. गट नेहमीच्या ओळखीवर पडू दिले तर एकाच शाळेतले लोक एकत्र बसतात आणि शाळेतलीच चर्चा पुढे चालू होते. दारातून येताना एक ते सहा आकडे मोजून गट केले की ही गाठ सुटते.

जागेबद्दल थोडक्यात. जमिनीला खिळलेल्या खुर्च्यांचे सभागृह भाषणासाठी बांधलेले असते. त्यात गट बसत नाहीत. शाळेचा मोठा वर्ग आणि दोन सतरंज्या त्यापेक्षा कितीतरी उपयोगी. हवी ती मोकळी भिंत, कागद चिकटवायला. पंख्याचा आवाज, रस्त्याकडची खिडकी आणि भारनियमनाची वेळ आदल्या दिवशी पाहून ठेवलेली बरी. सामान फार लागत नाही: मोठे कागद, अर्ध्या पानाएवढी पुठ्ठ्याची कार्डे, चिकटपट्टी आणि जाड टोकाची मार्कर पेने. पेन जाड असण्याला कारण आहे. बारीक पेनाने माणूस कार्डावर परिच्छेद लिहितो आणि तो कुणी वाचत नाही. जाड पेनाने सहा-सात शब्दच मावतात, आणि ते दुसऱ्या टोकावरून दिसतात.

दिवसाचे अंदाजपत्रक मिनिटांत मांडावे लागते. दहा ते पाच म्हणजे ४२० मिनिटे. दोन चहांची ३०, जेवणाची ४५, सुरुवात आणि समारोपाची ४५ वजा केली की हातात ३०० मिनिटे उरतात: पाऊण-पाऊण तासाची चार सत्रे नव्हेत, सव्वा-सव्वा तासाची चार. प्रत्येक सत्रात एकच मोठे काम. पत्रिकेत आठ विषय कोंबलेले असतात, कारण प्रत्येक विभागाला आपला विषय यावासा वाटतो. नियोजनातला खरा संघर्ष इथेच होतो, आणि तो टाळला की दिवसभर ‘वेळेअभावी थोडक्यात’ हे शब्द ऐकावे लागतात. उद्घाटन लांबले तर काय गाळायचे हेही आधी ठरलेले असावे. जेवणानंतरचा तास शरीराचाच मंदावण्याचा असतो; त्या वेळी चित्रफीत किंवा भाषण ठेवणे म्हणजे डुलक्यांना आमंत्रण. तिथे उठून, फिरून, हातांनी करायचे काम ठेवावे. शेवटची वेळ पाळणे ही शिष्टाचाराची नव्हे, एसटीची बाब आहे. साडेपाचची गाडी चुकेल अशी धास्ती बसलेला शिक्षक साडेचारपासूनच मनाने स्टँडवर असतो.

आणि एक गोष्ट आदल्या आठवड्यात पोचवायची. प्रत्येक शिक्षकाने आपल्या वर्गातल्या एका मुलाचे, अपूर्णांकाचे चुकलेले उत्तर असलेले वहीचे पान सोबत आणावे, नाव झाकून. या एका पानाने बरेच साधते. माणूस येण्याआधीच विषयात शिरलेला असतो, आणि चर्चेला खरा माल मिळतो.

सुरुवात. ओळख करून देण्यासाठी खेळ घेण्याची मोठी प्रथा आहे. प्राण्यांचे आवाज काढा, आपल्या नावाला जुळणारे विशेषण सांगा. काहींना त्यात मजा येते; पंचवीस वर्षे नोकरी झालेल्या शिक्षिकेला मात्र मांजराचा आवाज काढताना आपला वेळ कुणाच्या लेखी किती आहे याचा अंदाज येतो. या खेळांमागचा हेतू योग्य आहे. पहिल्या दहा मिनिटांत ज्याचा आवाज खोलीत उमटला, तो पुढे बोलण्याची शक्यता वाढते. हा हेतू विषयाच्या आतूनच साधता येतो. शेजाऱ्याला आपले वहीचे पान दाखवा आणि मुलाने असे का केले असेल ते दोघांनी मिळून शोधा. पाच मिनिटांत चोवीस जण बोलत असतात, आणि कामही सुरू झालेले असते.

डेव्हिड कोल्ब यांनी १९८४मध्ये अनुभवातून शिकण्याचे जे चक्र मांडले, त्यात चार पावले आहेत: प्रत्यक्ष अनुभव, त्याकडे मागे वळून पाहणे, त्यातून नियम काढणे आणि तो नव्या ठिकाणी वापरून पाहणे. आपल्याकडच्या प्रशिक्षणांत बहुधा तिसऱ्या पावलापासून सुरुवात होते आणि तिथेच शेवट. अपूर्णांकांच्या दिवशी पहिले काम असे देता येते: तीन भाकऱ्या, चार मुले, समान वाटणी, कागदाचे गोल कापून दाखवा. काही गट प्रत्येक भाकरीचे चार तुकडे करून प्रत्येकाला तीन चतकोर देतात. काही गट दोन भाकऱ्या अर्ध्या-अर्ध्या वाटतात आणि तिसरीचे चार तुकडे करतात. प्रत्येकाला अर्धी आणि चतकोर. वाटणी दोन्ही बरोबर. पण पहिल्या गटाच्या कागदावर ३/४ लिहिलेले असते, दुसऱ्याच्या १/२ + १/४, आणि दोन्ही एकच आहेत हे न सांगता दिसते. एखाद्या गटातून कुणीतरी म्हणते, ‘म्हणजे पाऊणच की!’ इथे सुलभकाने थांबावे. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द मूल शाळेत येण्याआधी वाण्याच्या दुकानातून आणि दुधाच्या मापातून शिकलेले असते. जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतिनाची औटकी असे अपूर्णांकांचे पाढे पाठ करून घेत. खोलीतल्या एखाद्या ज्येष्ठ गुरुजींना त्यातले काही अजून येत असतात. ते म्हणून दाखवतात आणि खोलीचा नूर बदलतो. हे पत्रिकेत नसते. त्यासाठी पत्रिकेत फट ठेवलेली असावी लागते.

काम सुरू करून देण्याची सूचना ही छोटी गोष्ट वाटते, पण कार्यशाळेचा सर्वाधिक वेळ वाया जातो तो इथे. सूचना फळ्यावर लिहावी: काय करायचे, किती वेळात, शेवटी हातात काय असेल. मग एखाद्या सहभागीला ती आपल्या शब्दांत सांगायला लावावी. कागद-कात्री त्यानंतरच वाटावी, कारण कात्री हातात आली की कान बंद होतात. गट कामाला लागले की सुलभकाने दोन-तीन मिनिटे कुठेही जाऊ नये. लगेच गटागटांत डोकावले तर माणसे काम सोडून त्याच्याकडे पाहू लागतात.

चर्चेच्या पद्धतींबद्दल एक गैरसमज फार जुना आहे. अमेरिकेतल्या एका जाहिरात संस्थेचे प्रमुख ॲलेक्स ऑसबर्न यांनी विचारमंथनाची पद्धत लोकप्रिय केली. त्यांचे या विषयावरचे गाजलेले पुस्तक १९५३मध्ये आले. टीका नको, कल्पनांचा पाऊस पाडा, विचित्र कल्पनाही चालतील, दुसऱ्याच्या कल्पनेवर आपली रचा. नियम आकर्षक होते. पण १९५८मध्ये येल विद्यापीठात टेलर, बेरी आणि ब्लॉक यांनी तपासून पाहिले, तेव्हा एकत्र बसलेल्या चौघांपेक्षा वेगवेगळ्या खोल्यांत एकटे बसून विचार करणाऱ्या चौघांच्या कल्पना, एकत्र करून पुनरावृत्ती वगळल्यावरही, जवळजवळ दुप्पट भरल्या. पुढे १९८७मध्ये डील आणि श्ट्रोबे या जर्मनीतल्या संशोधकांनी त्याचे मुख्य कारण दाखवले. गटात एका वेळी एकच बोलू शकतो; बाकीचे आपली पाळी येईपर्यंत आपली कल्पना विसरतात किंवा ती आता कशाला, असे म्हणून सोडून देतात.

यावरचा उपाय फुकट आहे: आधी शांतता. प्रश्न विचारल्यावर तीन मिनिटे कुणीही बोलायचे नाही, प्रत्येकाने कार्डावर लिहायचे, मग जोडीत, मग गटात, मग सर्वांसमोर. शिक्षणतज्ज्ञ फ्रँक लायमन यांनी १९८१मध्ये मांडलेली ‘विचार, जोडी, वाटप’ ही वर्गातली पद्धत याच तत्त्वावर आहे. डेलबेक आणि व्हॅन द व्हेन यांनी १९७१मध्ये मांडलेली गटनिर्णयाची पद्धत अजून शिस्तीची: शांतपणे लिहा, पाळीपाळीने एकेक मुद्दा सांगा, न समजलेला स्पष्ट करून घ्या, आणि पसंतीक्रम गुप्तपणे द्या. लिहिण्यात एक न्याय आहे. मोठ्या आवाजाचे आणि बारीक आवाजाचे कार्ड भिंतीवर सारखेच दिसते. टिकल्या चिकटवून उघड मतदान घेण्याची पद्धत सोपी म्हणून सगळीकडे वापरतात. तिच्यात मात्र जिथे आधी टिकल्या जमल्या तिथेच पुढच्या पडतात, आणि एकाच आशयाची दोन कार्डे असली तर मते फुटून दोन्ही हरतात. मत द्यायच्या आधी सारखी कार्डे एकत्र करावीत आणि प्रत्येकाने आपली निवड वहीत लिहून मगच उठावे.

जिथे लिहिणेच अडसर आहे तिथे कार्डे उपयोगाची नाहीत. १९८०च्या दशकाच्या अखेरीस भारतात ग्रामीण सहभागी मूल्यांकनाची पद्धत रुजली. कर्नाटकातली मायराडा ही संस्था आणि गुजरातमधला आगाखान ग्रामीण साहाय्य कार्यक्रम यांचे त्यात मोठे काम, आणि ती जगासमोर मांडण्यात रॉबर्ट चेंबर्स यांचे. गावकऱ्यांनी जमिनीवर रांगोळीने गावाचा नकाशा काढायचा; विहिरीला दगड, शेताला पाने, कर्जाला बियांचा ढीग. कागद एकाच्या हातात राहतो, जमीन सगळ्यांची असते. चुकीची रेघ पायाने पुसून टाकता येते, आणि ती पुसणारी व्यक्ती शाळेत न गेलेली असू शकते. बाहेरून आलेल्याने नकाशा काढण्याची काठी गावकऱ्याच्या हाती द्यायची आणि मग गप्प बसायचे, हा या पद्धतीचा पहिला नियम. तो पाळणे शिकलेल्या माणसाला सर्वात जड जाते.

महाराष्ट्रात याहून वेगळे आणि खोल उदाहरण गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाचे आहे. २००९मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी हे एक. या गावाने चर्चा आणि निर्णय यांच्या जागा वेगळ्या ठेवल्या. अभ्यास गटात विषय उलटसुलट तपासायचा; तिथे बाहेरचे जाणकारही बोलावता येतात आणि निर्णयाची घाई नसते. निर्णय ग्रामसभेचा, आणि तो सर्वसहमतीने. एकमत झाले नाही तर विषय पुढच्या बैठकीपर्यंत थांबतो. बहुतेक कार्यशाळांत या दोन गोष्टींचा गोंधळ होतो. दुपारी तीनला अजून सगळे मोकळेपणी विचार करत असतात आणि सव्वातीनला ठराव वाचला जातो. एका बैठकीत एक तर विषय उलगडावा किंवा ठरवावा. दोन्ही करायचे तर मध्ये निदान जेवणाची सुट्टी हवी, आणि आता आपण ठरवायला बसलो आहोत हे स्पष्ट शब्दांत सांगायला हवे.

सुलभकाचे मुख्य हत्यार प्रश्न, आणि त्याहून मोठे हत्यार त्यानंतरची शांतता. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गांच्या ध्वनिफिती तपासल्या, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात असे दिसले. थांबणे तीन सेकंदांपर्यंत नेल्यावर उत्तरे लांब झाली आणि एरवी गप्प असणारी मुले बोलू लागली. मोठ्यांच्या बैठकीतही हेच होते. ‘काही शंका?’ हा प्रश्न मात्र किती थांबले तरी फळत नाही, कारण त्याचे उत्तर देणे म्हणजे आपल्याला कळले नाही हे कबूल करणे. ‘हे तुमच्या वर्गात केले तर कुठे अडेल?’ असे विचारले की हात वर होतात. अडचणी सांगणे हा शिक्षकांचा हक्काचा प्रांत आहे.

अडचणीची माणसे प्रत्येक गटात असतात, आणि त्यांना अडचणीची म्हणणे बहुधा अन्यायाचे असते. सतत बोलणाऱ्याला पुष्कळदा आपले ऐकले गेले नाही असे वाटत असते. त्याचा मुद्दा त्याच्यासमोर भिंतीवर लिहिला की तो थांबतो. विषयाबाहेरचे, पण रास्त गाऱ्हाणे निघते: शाळाबाह्य कामे, रिक्त पदे. ते दाबले तर दिवसभर धुमसते, घेतले तर दिवस त्यातच जातो. ‘नंतर बोलू’ असा एक फलक लावून तिथे ते लिहावे, आणि खरोखर शेवटी पंधरा मिनिटे त्याला द्यावीत. तो फलक फक्त विसरण्यासाठी असतो हे एकदा कळले, की पुढे त्यावर कुणी काही लिहू देत नाही. गप्प माणसाला सर्वांसमोर नाव घेऊन बोलायला लावू नये. जोडीत तो बोललेला असतो, आणि त्याच्या जोडीदाराला ‘तुमच्यात काय बोलणे झाले?’ असे विचारता येते. मिश्र गटात लिहिण्याचे काम आपोआप बाईंकडे आणि मांडण्याचे सरांकडे जाते. हे टाळायला मोठे धोरण लागत नाही; सर्वात शेवटी आलेल्याने मांडायचे, असा एखादा निरर्थक नियम पुरतो.

दुपारनंतर कुठेतरी एक वेळ अशी येते, की सगळे गोंधळलेले आणि चिडलेले असतात. मते खूप झालेली, मार्ग दिसत नाही. सॅम केनर यांनी या टप्प्याला कण्हण्याचा प्रदेश असे नाव दिले आहे. नवखा सुलभक इथे घाबरून आपलेच उत्तर पुढे करतो. अनुभवी असतो तो एवढेच सांगतो की आपण अवघड जागी आलो आहोत, आणि चहा मागवतो.

गटांचे सादरीकरण ही वेळखाऊ बाब. सहा गट, दहा-दहा मिनिटे, म्हणजे तास गेला. आणि चौथ्या गटापासून ‘आमच्या आधीच्या गटाने सांगितलेच आहे’ सुरू होते. त्याऐवजी कागद भिंतींवर लावावेत, गटातला एक जण कागदाशी थांबावा आणि बाकीच्यांनी चित्रप्रदर्शनासारखे फिरावे, प्रश्न कार्डावर लिहून चिकटवावेत. वीस मिनिटांत तेच काम होते, पायही मोकळे होतात. दूरस्थ कार्यशाळेत, संगणकाच्या पडद्यावर, हे सारे आखडते: पडद्यासमोर दीड-दोन तासांपलीकडे लक्ष टिकत नाही, म्हणून एका दिवसाचे तीन तुकडे करावे लागतात आणि छोट्या खोल्यांतली चर्चा जास्त ठेवावी लागते.

शेवटी अभिप्रायाचा नमुना भरून घेतला जातो, आणि त्यावर ‘उत्तम’ लिहिलेले असते. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९मध्ये प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाच्या चार पायऱ्या सांगितल्या: आवडले का, शिकले का, वागण्यात उतरले का, परिणाम दिसला का. ‘उत्तम’ हे पहिल्या पायरीचे उत्तर असते आणि पुष्कळदा ते जेवणाबद्दल असते. ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी १९८०च्या दशकात शिक्षक-प्रशिक्षणांवर जे काम केले, त्यातून दिसले की तत्त्व सांगून आणि पाठ दाखवून वर्गात फार थोडे उतरते; परतल्यावर सहकाऱ्याने वर्गात येऊन पाहणे आणि त्यावर बोलणे, एवढे जोडले की उतरण्याचे प्रमाण बरेच वाढते. म्हणून समारोपाची वेळ भाषणांना न देता जोड्या ठरवण्याला द्यावी: कोण कुणाचा वर्ग कोणत्या तारखेला पाहणार, हे भिंतीवरच्या कागदावर नावांनिशी. त्या कागदाचे छायाचित्र सगळ्यांच्या फोनवर जाते. सकाळी आणलेली वहीची पाने प्रत्येक जण परत नेतो. महिन्याभराने केंद्राची शिक्षण परिषद भरते, तेव्हा त्याच मुलाचे दुसरे पान आणायचे असते: तेच उदाहरण, पुन्हा सोडवलेले.